आपल्या शिवारात रेंज कुठून येते? जवळचा टॉवर शोधण्याची रीत

परभणीहून वसमतकडे जाताना झिरो फाटा मागे पडला की हट्टा लागते. वसमत तालुक्यातले, स्वतःचे पोलीस ठाणे असलेले, परभणी आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीजवळचे गाव. अशा हमरस्त्यावरच्या गावांतून एक तक्रार सारखी कानावर येते. फाट्यावर फोन नीट चालतो, घरात शिरले की आवाज तुटतो आणि शेतातल्या आखाड्यावर गेले की रेंजच जाते. मग कोणी सिम बदलतो, कोणी नवा फोन घेतो, कोणी शहरातल्या दुकानातून दोन-तीन हजारांचा ‘बूस्टर’ उचलून आणतो. पैसे जातात आणि बहुतेक वेळा रेंज होती तिथेच राहते.

आज शेतातला फोन ही चैन राहिलेली नाही. विहिरीवरची मोटर मोबाईल स्टार्टरवर चालते आणि त्या स्टार्टरमध्येही एक सिम असते. ई-पीक पाहणीचे फोटो बांधावर उभे राहून काढायचे असतात. वसमतच्या बाजारातला हळदीचा भाव फोनवर पाहूनच पोती गाडीत भरायची की थांबायचे ते ठरते. पावसाळ्यात वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केले आहे, पण इशारा पोचायला रेंज लागतेच. रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र आणि बँक मित्राचे छोटे एटीएमसुद्धा बहुतेक ठिकाणी अशाच एखाद्या सिमवर चालते. त्यामुळे रेंजची अडचण ही गावाच्या कामकाजाचीच अडचण आहे. तिच्यावर पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, असे मला कळकळीने वाटते. ती म्हणजे आपला फोन नेमका कोणत्या टॉवरला जोडला जातो, तो टॉवर कोणत्या दिशेला आणि किती लांब आहे.

हे का महत्त्वाचे, ते पाहा. टॉवर खरोखर लांब असेल तर उपाय एक. टॉवर गावातच आहे पण त्यावर तुमच्या कंपनीची यंत्रणा नाही, तर उपाय दुसरा. टॉवर जवळ आहे, कंपनीही तीच आहे, पण वीज गेली की दोन तासांत बंद पडतो, तर दोष बॅटरीचा आहे आणि तक्रारही तशीच करायला हवी. कांड्या पूर्ण दिसतात पण संध्याकाळी सात ते दहा काहीच उघडत नाही, तर टॉवरवर गर्दी झालेली आहे. तिथे अँटेना लावून फायदा नाही. ‘रेंज नाही’ एवढे म्हटल्याने यातले काहीच कळत नाही.

सरकारी नकाशा: तरंग संचार

सुरुवात दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळापासून करावी. मे २०१७ मध्ये ते सुरू झाले. मूळ हेतू टॉवरच्या किरणोत्सर्गाबद्दल लोकांना खात्रीची माहिती देण्याचा होता, पण आपल्या कामासाठीही ते उपयोगी पडते. पत्ता ‘तरंगसंचार डॉट जीओव्ही डॉट इन’. तिथे नकाशावर आपले ठिकाण शोधायचे, नाव, ईमेल आणि मोबाईल क्रमांक देऊन ओटीपी भरायचा, की आसपासचे टॉवर दिसतात. एखाद्या टॉवरवर कोणत्या कंपन्यांची यंत्रणा आहे, ती टूजी आहे की फोरजी की फाइव्हजी, आणि किरणोत्सर्गाची मर्यादा पाळली जाते का, एवढी माहिती तिथून मिळते.

एक सूचना. हट्ट्यासारख्या गावाने नकाशा जिल्ह्याच्या रेषेवर थांबवू नये. टॉवरला जिल्ह्याची हद्द कळत नाही. मुंबई वगळता सारा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दूरसंचाराचे एकच परिमंडळ आहे. तुमचे शेत हिंगोली जिल्ह्यात आणि त्याला रेंज देणारा टॉवर परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, असे सहज होऊ शकते. म्हणून गाव मधे धरून चारही बाजूंना पाच-सात किलोमीटरचा परिसर पाहावा आणि दिसलेले टॉवर वहीत दिशेसह लिहून ठेवावेत: गावाच्या पूर्वेला अमुक, रस्त्याच्या कडेला तमुक, अशा साध्या भाषेत.

किरणोत्सर्गाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण टॉवर शोधणाऱ्यांपैकी बरेच जण याच काळजीने शोधत असतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली आहे. घराजवळच्या टॉवरबद्दल शंका असेल तर याच संकेतस्थळावरून ४,००० रुपये शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणी मागवता येते. व्हॉट्सॲपवरचे संदेश वाचून घाबरण्यापेक्षा चार घरांनी मिळून ही मोजणी करून घेतलेली बरी.

कंपन्यांचे रंगीत नकाशे

दुसरा आधार कंपन्यांच्या स्वतःच्या नकाशांचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, सेवेच्या दर्जाबाबत २०२४ मध्ये नवे नियम केले. त्यांनुसार कोणत्या भागात टूजी, थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी मिळते याचे नकाशे प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर ठेवणे एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाले आहे. जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल या चौघांचे नकाशे एकामागून एक उघडून आपल्या शिवारावर आणावेत.

हे नकाशे टॉवरची जागा दाखवत नाहीत, रेंजचा पसारा दाखवतात. रंग जिथे गडद आणि सलग आहे, त्याच्या मधे कुठेतरी टॉवर असतो, एवढा अंदाज त्यातून बांधता येतो. मात्र हा पसारा बराचसा गणिताने काढलेला असतो आणि तो उघड्या जागेचा असतो. माळवदाच्या जाड भिंतीच्या आत किंवा पत्र्याच्या गोठ्यात काय होते ते त्यात येत नाही. हट्ट्यातल्या जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरून खाली गेले तर नकाशावरचा गडद रंग कामाला येणार नाही, कारण लहरींची वाट चारही बाजूंनी अडलेली असते. तरी सिम बदलण्याआधी हे चार नकाशे पाहावेतच. ज्या कंपनीचा रंग तुमच्या शेतावर मुळातच नाही, तिच्याकडे जाऊन उपयोग नाही. आणि हा नकाशा म्हणजे कंपनीने स्वतः केलेला दावा आहे. नकाशावर रंग आहे आणि शेतात रेंज नाही, तर तक्रारीत तेच पहिले वाक्य लिहायचे.

लोकांनी भरलेले नकाशे

तिसरा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपल्या भागात सर्वांत दुबळाही तोच आहे. जगभरचे हौशी लोक फोनमध्ये एक ॲप चालू ठेवून हिंडतात. फोन कोणत्या टॉवरला, किती ताकदीने, कोणत्या जागी जोडला गेला याची नोंद ते ॲप करत जाते आणि अशा हजारो नोंदींवरून टॉवरची जागा काढली जाते. ‘सेलमॅपर’ आणि ‘ओपनसेलआयडी’ ही त्यातली दोन मोठी नावे. मोझिला या संस्थेचीही अशी एक सेवा होती, ती २०२४ मध्ये बंद झाली. त्यामुळे जुन्या लेखांत तिचे नाव दिसले तर शोधत बसू नये.

ओपनसेलआयडीच्या नकाशावर ठिपके दिसतात. ठिपका म्हणजे टॉवर, असे समजू नका. एका टॉवरच्या एका बाजूची रेंज जिथे जिथे नोंदली गेली, त्या सगळ्या जागांवरून काढलेला तो अंदाज असतो. नोंदी हमरस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांमधल्या फोनांनी केलेल्या असतील तर ठिपका ओढला जाऊन रस्त्यावरच येतो. परभणी-वसमत रस्त्यालगतच्या गावांनी ही गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. डांबरी रस्त्याच्या मधोमध दाखवलेला टॉवर प्रत्यक्षात रस्त्यापासून दीड किलोमीटर आत एखाद्या वस्तीजवळ असू शकतो.

सेलमॅपर थोडा जास्त बारकाईने काम करतो. तिथे आधी देश, मग कंपनी आणि तंत्रज्ञान निवडायचे, मग नकाशा आपल्या गावावर आणायचा. टॉवरच्या खुणेवर बोट ठेवले की त्याचा क्रमांक, त्याच्या बाजू आणि कोणत्या लहरींवर तो चालतो ते दिसते. जागा गणिताने काढलेली आहे की कोणी प्रत्यक्ष पाहून नेमकी लावली आहे, हा फरकही तो खुणेतून दाखवतो. पुणे-मुंबईत या नकाशावर टॉवरांची दाटी दिसते. खेड्यांकडे आलो की मोठमोठ्या जागा रिकाम्या. तिथे टॉवर नाहीत असा याचा अर्थ घेऊ नये. तिथे नोंद करणारे कोणी फिरकलेले नाही, एवढाच अर्थ.

यांच्या जोडीला उपग्रहाचे छायाचित्र वापरावे. गूगल नकाशाचे उपग्रह दृश्य किंवा इस्रोचे ‘भुवन’ उघडा. वरून पाहताना लोखंडी टॉवर जवळजवळ दिसतच नाही, पण त्याची सावली दिसते: शेतात आडवी पडलेली लांब, जाळीदार रेघ. तिच्या बुडाशी कुंपण घातलेला लहान चौकोन आणि आत एखादी पेटी किंवा जनरेटरची खोली असते. विजेच्या मोठ्या वाहिनीच्या मनोऱ्याचीही सावली अशीच पडते, पण ते मनोरे रांगेने असतात आणि त्यांच्याभोवती कुंपण नसते. तरंग संचारवरची खूण, सेलमॅपरचा अंदाज आणि ही सावली तिन्ही एका जागी जुळली की टॉवर सापडला म्हणायला हरकत नाही.

फोनलाच विचारा

नकाशे पाहून झाले की खरी परीक्षा हातातल्या फोनची. कांड्यांवर विसंबू नका. किती ताकदीला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे एकाच जागी एका फोनला चार आणि दुसऱ्याला दोन दिसतात. खरा आकडा डीबीएम या मापात असतो आणि तो नेहमी उणे असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात सिमची स्थिती पाहिली की तो सापडतो. बऱ्याच फोनवर *#*#४६३६#*#* असे डायल केल्यावर चाचणीचे पान उघडते, सॅमसंगवर *#००११# चालते, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचे बटण दाबावे लागते.

फोरजीसाठी आरएसआरपी नावाचा आकडा पाहायचा. उणे ८० ते ९० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे १०० पर्यंत काम नीट चालते. उणे ११० च्या पुढे आवाज तुटू लागतो आणि उणे १२० म्हणजे रेंज गेल्यात जमा. आकडा उणे असल्यामुळे गल्लत होते, म्हणून पुन्हा सांगतो: ९० ही ११० पेक्षा चांगली. आणि यातला प्रत्येक १० चा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. घराच्या आत ११२ आणि माळवदावर ९८ आली, तर त्या १४ आकड्यांत खूप काही दडलेले आहे.

‘नेटवर्क सेल इन्फो’, ‘नेटमॉनिटर’ किंवा सेलमॅपरचे स्वतःचे ॲप अँड्रॉइडवर घेतले की याहून पुढची माहिती मिळते. आयफोनवर ती मिळत नाही, कारण ॲपल ही माहिती बाहेरच्या ॲपना देत नाही. या ॲपमध्ये तीन गोष्टी शोधा.

पहिली गोष्ट सेल क्रमांक. फोरजीत हा मोठा आकडा असतो. त्याला २५६ ने भागले की पूर्णांकात येणारे उत्तर टॉवरचा क्रमांक असते आणि उरलेली बाकी त्या टॉवरची बाजू सांगते. समजा फोनने २४,६८,०९७ दाखवले. २५६ ने भागल्यावर ९,६४१ येतात आणि बाकी १ उरते. म्हणजे टॉवर ९६४१ आणि बाजू १. एका टॉवरला साधारणपणे तीन बाजू असतात, प्रत्येक बाजू वर्तुळाच्या एक तृतीयांश भागाकडे तोंड करून. हा टॉवर क्रमांक सेलमॅपरच्या शोधात टाकून पाहावा. गावात फिरताना बाकी बदलते पण टॉवर क्रमांक तोच राहतो, तर तुम्ही त्याच टॉवरभोवती फिरत आहात. शेताकडे जाता जाता टॉवर क्रमांकच बदलला, तर तिथून पुढे दुसऱ्या टॉवरची हद्द सुरू होते. ही जागा वहीत नक्की लिहा. रेंजच्या बहुतेक तक्रारी अशा दोन टॉवरांच्या मधल्या पट्ट्यातून येतात.

दुसरी गोष्ट ‘टायमिंग ॲडव्हान्स’, म्हणजे टीए. सगळे फोन तो दाखवत नाहीत, पण दाखवला तर अंतर मोजायची दोरीच हाती येते. फोरजीत टीएचे एक घर म्हणजे साधारण ७८ मीटर. टीए २० असेल तर टॉवर सुमारे दीड किलोमीटरवर आहे, ४० असेल तर तीन किलोमीटरच्या थोडा पलीकडे. टूजीत मात्र एक घर सुमारे साडेपाचशे मीटरचे असते, तेव्हा कोणत्या जाळ्यावर आहात ते आधी पाहा. दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून अंतर काढून नकाशावर कंपासने वर्तुळे मारली, तर ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे टॉवर. शाळेतल्या भूमितीचा इतका सरळ उपयोग क्वचितच होतो. नववी-दहावीच्या मुलांकडून हे करून घ्यावे, त्यांना ते आवडते.

तिसरी गोष्ट बँड, म्हणजे लहरींचा पट्टा. बँड २८ हा ७०० मेगाहर्ट्झचा, बँड ५ हा ८५० चा आणि बँड ८ हा ९०० चा. या लहरी लांबवर पोचतात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. बँड ३ म्हणजे १८००, बँड १ म्हणजे २१००, बँड ४० म्हणजे २३००. यांचा वेग चांगला, पण पल्ला कमी. फाइव्हजीचा एन ७८ हा ३५०० च्या आसपासचा पट्टा तर आणखी लवकर विरतो. आखाड्यावर फोनने बँड ५ किंवा ८ धरला असेल आणि आकडा ११० च्या पुढे असेल, तर टॉवर खरेच लांब आहे. बँड ४० वर ११० असेल तर टॉवर फार लांब नसेलही. अशा वेळी दोन पावले सरकून, उंचावर जाऊन पाहावे.

मोबाईल स्टार्टर वापरणाऱ्यांनी यात एक भर घालावी. जुने स्टार्टर टूजीवर चालतात आणि जिओचे जाळे टूजीचे नाही. त्यामुळे विहिरीजवळ जिओची रेंज कितीही चांगली असली तरी त्या स्टार्टरमध्ये जिओचे सिम चालणार नाही. तिथे दुसऱ्या कंपनीची टूजी रेंज आहे का हे मोजून मगच सिम घालावे, किंवा फोरजीवर चालणारा स्टार्टर पाहावा.

दिशा कशी काढायची

ॲपचा आधार नसेल तरी दिशा काढता येते. मोकळ्या रानात, झाडे-विजेच्या तारा सोडून उभे राहा. फोन छातीशी धरा, पडद्यावर डीबीएमचा आकडा उघडा ठेवा आणि जागच्या जागी हळूहळू वळा. प्रत्येक दिशेला थोडे थांबा, कारण आकडा बदलायला वेळ लागतो. माणसाचे शरीर लहरी अडवते. टॉवर पाठीमागे आला की आकडा खाली घसरतो, समोर आला की सुधारतो. होकायंत्राच्या ॲपवरून ती दिशा टिपून घ्या. मग दोन-तीनशे मीटर बाजूला जाऊन पुन्हा हेच करा. दोन्ही दिशांच्या रेघा नकाशावर ओढल्या की त्या कुठे मिळतात ते दिसते. आपल्याकडची जमीन बरीचशी सपाट असल्याने ही रीत इथे चांगली लागू पडते. उंच उसाच्या फडात मात्र करू नका. फडाबाहेर येऊनच मोजा.

शेवटी टॉवरजवळ जाऊन खात्री करावी. कुंपणाच्या दारावर सहसा एक पाटी असते. तिच्यावर टॉवर उभारणाऱ्या कंपनीचे नाव, जागेचा क्रमांक आणि संपर्काचा क्रमांक दिलेला असतो. हे नाव तुमच्या सिमच्या कंपनीचे नसेल, म्हणून गोंधळून जाऊ नये. बहुतेक टॉवर इंडस टॉवर्ससारख्या वेगळ्या कंपन्यांचे असतात आणि त्यांवर दोन-तीन मोबाईल कंपन्या आपली यंत्रणा भाड्याने बसवतात. पाटीचा फोटो घ्या. कुंपणाच्या आत जाऊ नका, टॉवरवर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका.

टॉवर सापडला, पुढे काय?

टॉवर दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे आणि बाहेर आकडा चांगला येतो, पण घरात येत नाही, तर दोष भिंतीचा. टॉवरच्या बाजूच्या खिडकीत किंवा माळवदावर सिमवाला वायफाय राउटर ठेवला की सारे घर चालते. ज्या राउटरला बाहेरची अँटेना जोडता येते, त्याची अँटेना टॉवरच्या दिशेने लावावी. इतका वेळ खर्चून काढलेली दिशा इथे कामाला येते. घरात फायबरची जोडणी असेल तर फोनमधले ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करावे, म्हणजे टॉवर नसला तरी साधा कॉल चालतो.

बूस्टर मात्र घेऊ नका. टॉवरच्या लहरी पकडून वाढवून परत सोडणारी ही यंत्रे परवान्याशिवाय बसवणे भारतात बेकायदा आहे, मग दुकानात ती उघड विकायला का असेनात. ती शेजाऱ्यांची रेंज बिघडवतात आणि टॉवरच्या कामात अडथळा आणतात. एका घराने बूस्टर लावल्यावर आळीतल्या दहा घरांचे फोन तुटू लागले, तर त्या दहा घरांना कारणही कळत नाही.

दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ आणि आपला मोबाईल क्रमांक असा संदेश पाठवला की कोड येतो. पण आधी त्या कंपनीचे सिम असलेला मित्राचा फोन घेऊन आपल्या घरात, शेतात, विहिरीवर आकडा मोजा. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये देशी बनावटीचे फोरजी जाळे अधिकृतपणे सुरू केले आणि त्यात ७०० मेगाहर्ट्झच्या लांब पल्ल्याच्या लहरीही आहेत. काही वर्षांपूर्वी बीएसएनएलचे सिम काढून टाकलेल्यांनी ते पुन्हा एकदा मोजून पाहायला हरकत नाही.

तक्रार करायची तर आपल्या कंपनीच्या १९८ या क्रमांकावर करावी आणि संदेशाने येणारा तक्रार क्रमांक जपून ठेवावा. उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, त्याच्यापुढे केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर. तक्रारीत ‘आमच्याकडे रेंज येत नाही’ एवढेच लिहू नका. जागेचे अक्षांश-रेखांश लिहा. गूगल नकाशावर त्या जागी बोट दाबून ठेवले की ते मिळतात. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिनही देता येतो, तो तर चार मीटरच्या चौकोनापर्यंत नेमका असतो. त्यापुढे तारीख आणि वेळ, आरएसआरपीचा आकडा, टॉवर क्रमांक, बँड, आणि ट्रायच्या ‘मायस्पीड’ ॲपने मोजलेला वेग. वीज गेल्यावर रेंज जात असेल तर वीज किती वाजता गेली आणि रेंज किती वाजता गेली हे आठ-दहा दिवस टिपून जोडा. असा कागद हातात आला की ‘तपासून पाहतो’ म्हणून वाटेला लावणे समोरच्याला अवघड जाते. पाच-पन्नास शेतकऱ्यांच्या अशा नोंदी एकत्र करून ग्रामसभेचा ठराव जोडला तर त्याचे वजन आणखी वाढते.

रेंज चांगली असूनही फोन लागत नाही, असाही एक प्रसंग असतो. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला आणि तो परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. अशा वेळी सगळे एकाच क्षणी फोन लावतात. कांड्या पूर्ण असूनही फोन लागत नाही, कारण टॉवरची एका वेळी कॉल पेलण्याची क्षमता ठरलेली असते. तेव्हा पुन्हा पुन्हा कॉल न करता साधा एसएमएस पाठवावा, तो थोड्या जागेतूनही जातो.

फसवणुकीपासून सावध

‘टॉवर’ हा शब्द घेऊन दोन प्रकारची फसवणूक चालते. पहिली: ‘तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला अमुक भाडे, घरातल्या एकाला नोकरी, फक्त आधी कर आणि अनामत भरा.’ सोबत ट्राय किंवा दूरसंचार विभागाच्या नावाचे खोटे प्रमाणपत्रही येते. ट्राय असे प्रमाणपत्र कोणालाही देत नाही आणि टॉवर उभारणारी खरी कंपनी जमीनमालकाकडून पैसे मागत नाही, ती जमीनमालकाला पैसे देते. असा फोन आला तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सोयीवर कळवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

दुसरी: ‘मोबाईल क्रमांक टाका, टॉवरवरून माणूस कुठे आहे ते पाहा.’ अशी संकेतस्थळे आणि ॲप खोटी असतात. कोणता फोन कोणत्या टॉवरला जोडला आहे हे कंपनीलाच माहीत असते आणि ती माहिती कायद्याने ठरवून दिलेल्या यंत्रणांनाच रीतसर मागणीनंतर मिळते. या लेखातल्या साधनांनी टॉवर शोधता येतो, माणूस शोधता येत नाही. फोन हरवला किंवा चोरीला गेला असेल तर हट्टा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक घ्यावा आणि संचार साथीवर जाऊन तो फोन बंद करण्याची विनंती भरावी. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. तो *#०६# डायल केल्यावर दिसतो. आजच पाहून घरातल्या वहीत लिहून ठेवा.

शेवटची विनंती गावातल्या तरुणांना. सेलमॅपरचे ॲप फोनमध्ये घ्या, लोकेशन चालू करा आणि शेताला जाता-येता, वसमत-परभणीच्या फेरीत ते चालू ठेवा. टॉवरची नेमकी जागा पाहिली असेल तर ती नकाशावर लावा, ओपनस्ट्रीटमॅपवरही टाका. आपल्या भागाचा रिकामा नकाशा दुसरे कोणी येऊन भरणार नाही. पुढच्या ग्रामसभेआधी गावाच्या चारही शिवारांतले आकडे एका कागदावर आणा आणि तो कागद ग्रामपंचायतीत द्या.